केळव्याचे दोन कोट व उत्तर कोंकणचा किनारा

उत्तर कोंकणांतील जुन्या कोटांसंबंधीं बोलतांना, पोर्तुगीज अमदानीनंतर समुद्र मागें हटला, असें विधान पुष्कळदां ऐकूं येतें. कोणी त्याच्या नेमकें उलट, समुद्र आंत शिरला, असें म्हणतात. दोन्ही पक्षांचा आधार बहुधा एखाददुसऱ्या किल्ल्याची आजची स्थिति हाच असतो. एका कोटावरून सबंध किनाऱ्याचें अनुमान करणें किती धोक्याचें आहे, हें पालघर जिल्ह्यांतील केळवें या एकाच गांवच्या दोन कोटांवरून स्पष्ट होतें.

दोन्ही कोट पोर्तुगीज अमलांतले. इ. स. १७३९ च्या जानेवारींत चिमाजीअप्पांच्या मोहिमेंत माहीम, केळवें, शिरगांव व तारापूर हीं ठाणीं मराठ्यांच्या हातीं आलीं. तारापुरास बाजी भिवराव रेठरेकर कामास आले. यांपैकीं केळव्याचा एक कोट पुळणीवर, आतां सुरूच्या बनांत सांपडतो. दुसरा, पाणकोट, दांडा खाडीच्या मुखाशीं असून दुरून नांगरलेल्या गलबतासारखा दिसतो. पहिला वाऱ्यानें पुरला, दुसरा लाटा कुरतडीत आहेत.

पुळणीवरील कोट अलीकडेपर्यंत वाळूंत बराचसा गडप होता. दुर्गप्रेमी स्वयंसेवकांनीं वाळू उपसून तो मोकळा केला. एवढी वाळू आली कोठून? या भागांत उधाणाच्या भरती-ओहोटींतील अंतर सुमारें ५ मीटर असतें व किनारा उथळ आहे. म्हणून ओहोटीस रुंद पट्टा उघडा पडतो. पावसाळी वारा जोराचा खरा, पण तेव्हां वाळू भिजलेली असते. काम होतें तें फाल्गुनापासून वैशाखापर्यंत, दुपारच्या खाऱ्या वाऱ्यानें. कोरडा कण वाऱ्याबरोबर लहान लहान उड्या मारीत भूमीलगत सरकतो. माणसाच्या कमरेवर तो क्वचितच चढतो. वाटेंत भिंत आली कीं वाऱ्याचा वेग मोडतो व कण खालीं बसतो. झाडें लागलीं कीं तो तेथेंच जखडला जातो. यावरून कोटाचें पुरलें जाणें हें एका तुफानाचें कृत्य नव्हे, अनेक उन्हाळ्यांचें आहे. समुद्र मागें हटल्याचा हा पुरावा तर मुळींच नव्हे. पाण्याची पातळी तीच असतांही हें घडतें.

पाणकोटाची गोष्ट निराळी. तेथें वाळू साठण्यास आडोसा नाहीं. लाट तळाच्या थरावर आदळतांना सांध्यांतील हवा दाबली जाते, आणि लाट ओसरतांना ती एकदम मोकळी होते. चुना सैल होतो, त्यांत वाळूखड्यांचा मारा चालूच असतो. शिवाय लाटा पुढें आलेल्या टोंकाकडे वळून एकवटतात व आंत वळलेल्या भागांत पसरून दुबळ्या होतात. म्हणजे एकाच लाटेचा आघात कोठें तीव्र तर कोठें मंद. सातपाटीस उधाणाचें पाणी वस्तीपर्यंत येतें म्हणून बंधारा घालावा लागला. तेथून केळव्याची पुळण कांहीं दूर नाहीं. दोन्ही ठिकाणीं समुद्र एकच.

सोपाऱ्याचें उदाहरण येथें नेहमी पुढें केलें जातें. इ. स. १८८२ मध्यें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं जेथील स्तूप खणून काढला, तें प्राचीन बंदर आज समुद्रापासून आंत पडलें आहे. परंतु तें बुजलें खाड्यांतील गाळानें. गाळ, वाळू आणि लाट यांचीं कामें निरनिराळीं आहेत. तीं एकाच सदरांत घालूं नयेत.

हाच विवेक ताम्रपटांविषयीं ठेवावा. चिंचणी येथें १९५५ सालीं मिळालेल्या पत्र्यांपैकीं इंद्र तिसरा याच्या काळचा, शके ८४८ (इ. स. ९२६) चा लेख प्रसिद्ध आहे. त्यांत संयान मंडळाचा ताजिक अधिकारी सुगतिप याच्या वेळीं दोन प्रवाहांवर विनामूल्य तरीची सोय केल्याचा उल्लेख येतो. तेवढ्यावरून समुद्र तेव्हां अधिक आंत होता असें ठरत नाहीं. ते प्रवाह पायउतार नव्हते, इतकेंच ठरतें.

शब्दांची साक्ष मात्र मला मोलाची वाटते. अमरकोशाच्या वारिवर्गांत पाण्यांतून वर निघालेल्या भूमीस पुलिन व वाळूमय तीरास सैकत म्हटलें आहे. आपली ‘पुळण’ त्या पुलिनाचीच लेक. ‘वेला’ या शब्दाचे तर किनारा, भरती व काळ असे तिन्ही अर्थ होतात. ज्या किनाऱ्याची रेषा प्रतिमासीं हलते, त्यास हा शब्द फार नेमका आहे. म्हणून जुन्या सनदेंत ‘पश्चिमेस समुद्र’ अशी चतुःसीमा आली तर ती रेषा स्थिर समजूं नये. पुळण, खाजण, खार, बांध हे शब्द ज्या कागदांत असतील ते ज्यांच्या संग्रहीं आहेत, त्यांनीं मिति व मौजा यांसह ते छापावे. अक्षर साधारण आहे म्हणून बाजूस टाकूं नयेत.

याची निकड आतां वाढली आहे. डहाणू तालुक्यांतील वाढवण येथील बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजीं झाली. योजनेंत समुद्रांत १,४४८ हेक्टर भराव व १०.१४ किलोमीटर लांबीचा लाटारोधक बांध आहे. अशा बांधानें लाटांची दिशा व वाळूची वाट बदलते. त्यानंतर केलेल्या मोजणींत निसर्गाचें किती व माणसाचें किती, हें वेगळें काढणें कठीण होईल. तेव्हां तारापूर, शिरगांव, माहीम व केळवें येथील प्रत्येक कोटाच्या तटापासून भरतीच्या रेषेपर्यंतचें अंतर आधींच मोजून ठेवावें. पुळण आषाढांत खचते व मार्गशीर्षानंतर पुन्हां भरते, याकरितां मोजणी दरवर्षीं एकाच महिन्यांत, शक्यतों फाल्गुनी अमावास्येच्या उधाणास घ्यावी, आणि तटाचा कोणता दगड धरून मोजलें तें रेखाटनासह नोंदवावें.