फुप्फुसाचा प्रतिध्वनी : टाकाऊ चित्राचा पुरावा कसा झाला?

१/ ७ ऑगस्ट १९६३. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांना पुत्र झाला. पॅट्रिक साडेपाच आठवडे आधीच जन्मला होता आणि त्याचे वजन जेमतेम २.१ किलो होते. जन्मानंतर लगेचच त्याला श्वास घेणे जड जाऊ लागले. बॉस्टनच्या रुग्णालयात उच्च दाबाच्या प्राणवायूचा उपचारही झाला. परंतु ९ ऑगस्टच्या पहाटे त्याची प्राणज्योत मालवली.

२/ या आजाराचे कारण चारच वर्षांपूर्वी उलगडले होते. मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ मध्ये दाखवून दिले की, अशा बालकांच्या फुप्फुसांत सर्फॅक्टंट या द्रव्याची उणीव असते. त्याच्या अभावी श्वास सोडताच वायुकोश मिटतात आणि पुढचा प्रत्येक श्वास पहिल्या श्वासाइतकाच कष्टाचा ठरतो. कारण कळले होते. औषध मात्र नव्हते.

३/ १९६६ मध्ये एव्हरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एका आजाराचे वर्णन केले. यात फुप्फुसातील द्रव शोषला जाण्यास विलंब होतो आणि बाळ बहुधा दोन-तीन दिवसांत आपोआप सावरते. पहिल्या काही तासांत मात्र दोन्ही आजारांची लक्षणे सारखीच दिसतात : जलद श्वास, फुललेल्या नाकपुड्या, आत ओढली जाणारी छाती.

४/ १९८० मध्ये जपानच्या तेत्सुरो फुजिवारा यांनी १० बालकांना बाहेरून सर्फॅक्टंट दिल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आता निदानाला निराळेच मोल आले. औषध थेट श्वासनलिकेत सोडावे लागते. ते विनाकारण देणे योग्य नाही आणि गरज असताना उशीर करणे घातक. निर्णयाचा आधार होता क्ष-किरण चित्र. ते आरंभी संदिग्ध असू शकते आणि वारंवार काढल्यास किरणोत्सर्गही वाढतो.

५/ इथे एक विलक्षण योगायोग आहे. १९५८ मध्ये अल्ट्रासाउंडचा गाजलेला शोधनिबंध सहकाऱ्यांसह प्रसिद्ध करणारे ग्लासगोचे इयन डोनाल्ड त्याआधी लंडनमध्ये नवजात बालकांसाठी श्वसनयंत्रे घडवीत होते. त्यांच्या तंत्राने गर्भातील बाळ दिसू लागले. पण त्याच बाळाचे फुप्फुस जन्मानंतर तपासण्यासाठी हे तंत्र निरुपयोगी मानले गेले.

६/ कारण साधे होते. ध्वनिलहरी हवेच्या सीमेवर आदळताच जवळजवळ पूर्णपणे परततात. हवेने भरलेल्या फुप्फुसाचे खरे चित्र पडद्यावर उमटत नाही. उमटतात त्या केवळ आभासी रेषा. पाठ्यपुस्तकांनी त्यांना दोष मानून बाजूला सारले.

७/ या दोषाची भाषा वाचण्याचा एक आरंभीचा प्रयत्न पशुवैद्यकांचा होता. श्वासागणिक फुप्फुसाचे आवरण सरकताना दिसते आणि छातीत हवा साठली की ती हालचाल नाहीशी होते, ही खूण १९८६ मध्ये घोड्यांत नोंदवली गेली. पुढे फ्रान्सचे अतिदक्षतातज्ज्ञ डॅनियल लिख्टेनश्टाइन यांनी १९९० च्या दशकात माणसांत या खुणांचा पद्धतशीर अभ्यास केला. धूमकेतूच्या शेपटीसारख्या उभ्या रेषा फुप्फुसात पाणी वाढल्याचे सांगतात, हे १९९७ च्या त्यांच्या निबंधाने मांडले.

८/ इटलीच्या रॉबर्टो कोपेत्ती आणि लुईजी कात्तारोस्सी यांनी ही दृष्टी पाळण्यापर्यंत आणली. द्रव रेंगाळलेल्या फुप्फुसात वरचा भाग बराचसा स्वच्छ आणि खालचा दाट रेषांनी भरलेला दिसतो. त्यांच्यातील ठळक सीमेला त्यांनी २००७ मध्ये ‘डबल लंग पॉइंट’ म्हटले. सर्फॅक्टंटअभावी मात्र दोन्ही फुप्फुसे सर्वत्र पांढरी दिसतात, हे त्यांनी २००८ मध्ये नोंदवले. २०१५ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी छातीच्या ६ भागांना प्रत्येकी ० ते ३ गुण देऊन सर्फॅक्टंटची गरज आधीच ओळखता येते, असे दाखवले.

९/ ही पद्धत सर्वज्ञ नाही. डबल लंग पॉइंट प्रत्येक बाळात सापडत नाही, हवेखाली दडलेला खोल दोष दिसत नाही आणि सारे काही पाहणाऱ्याच्या सरावावर अवलंबून राहते. तरीही बाळाला न हलवता, किरणोत्सर्गाविना, काही मिनिटांत उत्तर मिळू शकते.

१०/ पॅट्रिकला या यंत्राने वाचवले असते, असे म्हणता येणार नाही; त्या काळी औषधच नव्हते. पण १९५८ पासून हाताशी असलेले साधन नवजात बालकाच्या छातीवर अशा रीतीने टेकायला जवळपास अर्धशतक लागले. उणीव केवळ यंत्राची नव्हती. ‘इथे पाहण्यासारखे काही नाही’ हा निष्कर्ष पुन्हा तपासण्याची गरज फार थोड्यांना वाटली होती.

(समाप्त)