श्वानाची चूक आणि तिचा निवाडा : शिकारी चाचणीपासून न्यायालयापर्यंत

प्रास्ताविक

पाश्चात्त्य देशांत शिकारी कुत्र्यांच्या चाचण्यांमध्ये कुत्र्याच्या चुकीचे मूल्यमापन हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय मानला जातो. महाराष्ट्रात लॅब्राडोर रिट्रीव्हर हा श्वान सार्वजनिक जीवनात परिचित झाला तो शिकारीमुळे नव्हे, तर पोलीस दलाच्या कामामुळे. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांच्या काळात स्फोटके शोधणारा ‘झंजीर’ हा लॅब्राडोर पुण्यातील गुन्हे अन्वेषण विभागाच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात शिकलेला होता. येथे कुत्र्याच्या चुकीचा निवाडा मैदानावर नव्हे, तर न्यायालयात होतो. प्रस्तुत निबंधात या स्थित्यंतराचा थोडक्यात परामर्श घेतला आहे.

चाचणीतील दृष्टी

अमेरिकन केनेल क्लबच्या शिकारी चाचण्या १९८५ मध्ये सुरू झाल्या. त्यांत श्वानांची परस्परांशी स्पर्धा नसते; ठरावीक निकषांवर प्रत्येकाला शून्य ते दहा गुण दिले जातात. पक्षी कोठे पडला हे श्वानाने स्वतः पाहिले असेल, तर तेथे त्याच्या स्मरणशक्तीची परीक्षा होते. पक्षी पडताना त्याने पाहिलेला नसेल, तर मालक शिटी व हातवाऱ्यांनी त्याला दिशा देतो. या दुसऱ्या प्रकारात श्वान भरकटला, तर चूक त्याची की चुकीची खूण करणाऱ्याची, हे परीक्षकाला वेगळे करावे लागते. मालक व श्वान मिळून एक जोडी असते, हे येथील मूलभूत गृहीतक होय.

न्यायालयातील दृष्टी

हाच प्रश्न भारतात सर्वोच्च न्यायालयासमोर महाराष्ट्रातील एका रेल्वे घातपाताच्या खटल्यात आला. अब्दुल रझाक मुर्तझा दफेदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९६९ च्या निर्णयात न्यायालयाने श्वानाच्या पुराव्यावरील आक्षेपांचा विचार केला. श्वान शपथेवर साक्ष देऊ शकत नाही व त्याची उलटतपासणी होऊ शकत नाही. त्याच्या वतीने हस्तक बोलतो, म्हणून ती ऐकीव साक्ष ठरते. शिवाय रसायनाला इच्छा नसते. श्वानाला मात्र विचारप्रक्रिया असते, आणि जेथे विचार तेथे चूक व आत्मवंचनाही संभवते. पुढे २००१ च्या गडे लक्ष्मी मंगराजू प्रकरणात श्वानाची अथवा हस्तकाची चूक आणि श्वानाच्या वर्तनाचा चुकीचा अर्थ या शक्यता अधोरेखित झाल्या. २००८ च्या दिनेश बोरठाकूर प्रकरणात तपासासाठी श्वानाची मदत घेता येईल, परंतु दोष सिद्ध करण्यासाठी ती पुरावा म्हणून स्वीकारता येणार नाही, अशी भूमिका न्यायालयाने घेतली.

हस्तकाचा प्रभाव

न्यायालयाच्या या शंकेला पुढे विज्ञानाने दुजोरा दिला. बर्लिनमधील गणिती घोडा ‘हान्स’ प्रश्नकर्त्याच्या नकळत होणाऱ्या हालचालींवरून उत्तरे देत होता, हे ऑस्कर फुंग्स्ट यांनी १९०७ मध्ये दाखविले होते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०११ मध्ये १८ श्वान-हस्तक जोड्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. तपासलेल्या जागेत कोणताही लक्ष्यगंध नसतानाही बहुतेक जोड्यांकडून खोट्या सूचना मिळाल्या. गंध असल्याचा समज हस्तकांना आधीच करून दिलेला होता.

स्थानिक संदर्भ

पिंपरी-चिंचवडचे स्वतंत्र पोलीस आयुक्तालय १५ ऑगस्ट २०१८ रोजी कार्यान्वित झाले. चाकण व भोसरीच्या औद्योगिक पट्ट्यात परप्रांतीय कामगारांची वस्ती दाट आहे. ‘श्वान रस्त्यापर्यंत जाऊन घुटमळले’ हे वाक्य गुन्हेवार्तांमध्ये वारंवार आढळते. हे घुटमळणे सदैव चूक नसते. संशयित वाहनात बसला असल्यास माग तेथेच तुटतो. मात्र श्वान एखाद्या खोलीच्या दाराशी थांबला, तर तेथे राहणाऱ्या निराधार कामगारावर संशय पक्का होतो. चाचणीत चुकीची किंमत काही गुण असते. येथे ती माणसाचे स्वातंत्र्य असते.

निष्कर्ष

चाचणीचा परीक्षक श्वानाची चूक नोंदवितो. न्यायालय तिची शक्यता गृहीत धरते. या दोहोंमधील पोलीस तपासाच्या टप्प्यावरही अशी नोंद आवश्यक आहे. प्रत्येक श्वानाच्या यशाबरोबर अपयशाचीही नोंदवही ठेवणे, आणि संशयित कोण हे हस्तकास माहीत नसताना माग काढून घेणे, हे दोन उपाय सहज शक्य आहेत. श्वानाच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु निष्ठा म्हणजे अचूकता नव्हे, हा या इतिहासाचा बोध होय.