औशावरून जाताना लाईट गेली

साल १९५०, जानेवारी. पहाटेचे सहा वीस. हैदराबादच्या बेगमपेठहून मुंबईला निघालेल्या डाकोटा विमानात तुम्ही उजव्या खुर्चीवर आहात. निजामाची राजवट जाऊन सव्वा वर्ष झालंय. खाली औशाचं शिवार, उजवीकडे अंधारात लातूर, अजून उस्मानाबाद जिल्ह्यातलं बाजारगाव. तिथे हुरड्याचे दिवस; इथे नऊ हजार फुटांवर पायाची बोटं बधिर झालीत.

आधी नकाशावरचा दिवा पिवळा पडतो. मग वायरलेसवाला कानावरचा हेडफोन दाबून धरतो. तुम्ही अँपमीटरवर टॉर्च मारता. एक काटा मघाशीच शून्यावर आलेला. सगळा भार दुसऱ्या जनरेटरवर पडला आणि आता तोही बसला. उरली फक्त बॅटरी. जपून वापरली तर अर्धा तास.

“केबिनचे दिवे बंद,” कॅप्टन म्हणतात. “एकच संदेश पाठवायचा आणि सेट बंद.”

तुमचे कान इंजिनांकडे. ती खुशाल गुरगुरतायत. त्यांची ठिणगी मॅग्नेटोची, आणि मॅग्नेटो फिरवतं खुद्द इंजिन. कृत्रिम क्षितिज चालतं व्हॅक्यूम पंपावर, चाकं आणि फ्लॅप तेलाच्या दाबावर. वीज गेली म्हणून विमान पडत नाही, हे घरी कुणाला सांगून पटायचं नाही. मात्र एखादं इंजिन बंद पडलं, तर त्याच्या पंख्याची पाती वाऱ्याच्या धारेत वळवणारा पंप विजेचा आहे. म्हणून तुम्ही इंजिनांचा जोर थोडा उतरवता.

थंडीचं म्हणाल तर जानेवारीतही मराठवाड्यावर या उंचीला पंखांवर बर्फ धरत नाही. कार्ब्युरेटरच्या नरड्यात मात्र धरतं, बाहेर आठ-दहा अंश असले तरी, हवा दमट हवी एवढंच. त्यासाठी गरम हवेचा दांडा आहे, हातानं ओढायचा. खरी धास्ती धुक्याची. मांजरा नदीवर ते आत्ताच पांढऱ्या पट्ट्यासारखं पसरलंय.

आता जायचं कुठे? नांदेडला विमानतळ व्हायला आठ वर्षं आहेत, लातूरला एकेचाळीस. लातूरच्या रुळांमागे गेलात तर बार्शी लाईट कुर्डुवाडीला नेऊन सोडेल. मांजरेचा हात धरावा, तर ती हैदराबादच्या अलीकडूनच उत्तरेला वळते. थेट मागे फिरलात तर रेडिओवाचून एकच ठिपका शोधत बसाल.

“ईशान्येला घ्या,” कॅप्टन म्हणतात. “गाव चुकतं, गोदावरी चुकत नाही. आणि पोचेपर्यंत उजाडेल.”

पस्तीस मिनिटं. जायरो हळूहळू सरकतो, म्हणून मधूनमधून तो द्रवातल्या होकायंत्राशी जुळवायचा. बॅटरी केव्हाच मेलीय. टॉर्च तुम्ही दातांत धरलाय, पेन्सिल बोटांत, डोळा घड्याळावर. वारा उत्तरेचा असेल तर वेळ वाढणार. तो किती आहे हे आता सांगणारं कुणी नाही.

सहा पंचावन्न. खाली नुसता कापूस. दोन मिनिटं. तीन. चौथ्या मिनिटाला कापूस फाटतो आणि नांदेडच्या हजूर साहिब गुरुद्वाऱ्याचा घुमट दिसतो, त्यापलीकडे मनमाड-सिकंदराबाद मीटरगेज. कॅप्टन काही न बोलता उजवीकडे वळून बेगमपेठकडे जाणारे रूळ धरतात. धर्माबाद, बासरचा पूल, निजामाबाद. एका पॅसेंजर गाडीचा धूर वर न चढता रुळांवरच लोळतोय. तुम्ही तिला सहज मागे टाकता.

बेगमपेठवर तुम्ही दोन घिरट्या घालता. चाकं खाली आल्याचा दिवा लागणार नाही. खिडकीला नाक लावून आपापल्या बाजूचं चाक बघायचं, तेलाच्या दाबाचा काटा बघायचा. टॉवरवरून हिरवा झोत येतो, स्थिर. उतरा.

इंजिनं थांबतात. बाहेरून बॅटरीची गाडी आल्याशिवाय ती आता सुरू व्हायची नाहीत. शिडीपाशी धोतर-कोटातले एक प्रवासी तुम्हाला गाठतात. मुंबई समजून उतरलेत.