दुसऱ्या मालकाचे इंजिन

वाया जाणाऱ्या वस्तूतून शक्ती मिळवावी, हा मनुष्याचा मोह फार जुना आहे. पेट्रोल इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेचा सुमारे एकतृतीयांश भाग तप्त वायूबरोबर बाहेर निघून जातो. हे नुकसान आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याच्या मनाला डाचत होते. बाहेर पडणाऱ्या वायूने एक चक्र फिरवावे आणि त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्राने ताजी हवा दाबून इंजिनात भरावी, या कल्पनेचे पेटंट त्याने १९०५ साली घेतले. हवा अधिक भरली की इंधनही अधिक जळणार आणि लहान इंजिन मोठ्याचे काम करणार. टर्बोचार्जरचे मूळ तत्त्व ते हेच.

या तत्त्वाची एक गाजलेली परीक्षा १९१८ साली अमेरिकेत झाली. सॅनफर्ड मॉस याने विमानाचे ‘लिबर्टी’ इंजिन कोलोरॅडोतील पाइक्स पीक या सुमारे १४,००० फूट उंचीच्या शिखरावर नेले. समुद्रसपाटीला ३५० अश्वशक्ती देणारे ते इंजिन तेथील विरळ हवेत २३० वर आले. टर्बोचार्जर जोडताच ३५६ वर गेले. पुढे जहाजांत आणि विमानांत ही युक्ती रुजली. तेथे यंत्राजवळ शिकलेले तंत्रज्ञ असत, तेल केव्हा बदलले आणि कोणता भाग केव्हा तपासला याची नोंद ठेवली जाई. मोटारगाडीत आल्यावर मात्र हे यंत्र अशा माणसाच्या हाती पडले, ज्याला किल्ली फिरवण्यापलीकडे इंजिनाशी काही कर्तव्य नव्हते.

त्याचे फळ लगेच दिसले. १९६२ साली अमेरिकेत ओल्डस्मोबिलची ‘जेटफायर’ बाजारात आली. साडेतीन लिटरच्या तिच्या इंजिनातून २१५ अश्वशक्ती मिळे. दाबलेल्या हवेमुळे इंधन अवेळी पेटू नये, इंजिनात ठोके बसू नयेत, म्हणून शुद्ध पाणी आणि मेथेनॉल यांचे मिश्रण आत फवारण्याची योजना होती. त्याची टाकी भरणे एवढेच मालकाचे काम; पण अनेकांनी तेही केले नाही. टाकी रिकामी झाली की सुरक्षेसाठी हवेचा दाब आपोआप कमी होई आणि गाडी मरगळे. तक्रारी वाढल्या. अखेर १९६५ साली टर्बोचार्जर काढून साधा कार्ब्युरेटर बसवून देण्याची तयारी कंपनीला दाखवावी लागली. यंत्र बुद्धीने घडले होते. ते मागत असलेली शिस्त मात्र कोणी शिकवली नव्हती.

१९७७ साली स्वीडनच्या साब कंपनीने ‘९९ टर्बो’ पुढे आणली आणि रोजच्या वापराच्या गाडीत टर्बोचार्जर स्थिरावू लागला. तरीही उष्णतेचा प्रश्न संपला नव्हता. वायूचे चक्र मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेते आणि त्यावर येणारा वायू ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेला असतो. त्याचा दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. भरधाव धावून आलेली गाडी चालकाने तत्काळ बंद केली, की तेलाचा पंप थांबतो आणि आत अडकलेले तेल करपून त्याचा कोळसा होतो. असे शंभरदा झाले की तेलाची वाट बुजते, दांडा डुलू लागतो, पाती कवचाला घासतात आणि मागून निळा धूर येऊ लागतो. इंजिन बंद करण्यापूर्वी मिनिटभर मंद चालू ठेवावे, हा जुन्या मेकॅनिकांचा उपदेश यातूनच आला.

येथे एक अन्याय ध्यानात घेण्याजोगा आहे. ही हानी पहिला मालक करतो. किंमत मोजतो तो दुसरा. वेगवान टर्बो गाडी नवी असताना थोड्यांनाच परवडते. किंमत उतरल्यावर ती हौशी, पण बेताच्या कमाईच्या तरुणाच्या हाती येते. तोवर कोणी तेल बदलण्यास विलंब केलेला असतो, कोणी अधिक वेगाच्या लोभाने हवेचा दाब वाढवलेला असतो. त्या वाढीव दाबाने पिस्टनच्या कड्यांमधील धार तुटते, हेडचे गॅस्केट जाते, वायूच्या नळकांड्याला तडे पडतात. रबरी नळ्या फाटून दाब गळतो, तेव्हा तर खरा दोष न कळता चांगला टर्बोचार्जरच बदलला जातो.

अभियंत्यांनी आपल्या परीने उत्तरे शोधली. १९८० च्या दशकात ठोका ओळखून दाब कमी करणारी साधने आली. बेअरिंगभोवती पाणी खेळवून तेल करपणे कमी केले गेले. पण प्रत्येक उत्तराबरोबर नवा प्रश्न आला. अलीकडच्या लहान इंजिनांत मंद वेगात जोर दिला असता मिश्रण ठिणगीपूर्वीच पेटून पिस्टन फुटण्याचे प्रकार घडले आणि २०१८ साली तेलाच्या अमेरिकी दर्जात त्यासाठी नवी कसोटी घालावी लागली. म्हणजे योग्य तेल वेळेवर बदलणे, हा सर्वांत जुना नियम आजही सुटलेला नाही.

म्हणून जुनी टर्बो गाडी घेताना रंगापेक्षा कागद आधी पाहावेत. इंजिन थंड असतानाच सुरू करावे. काही वेळ मंद चालवून मग जोर दिल्यावर निळा धूर निघतो का, ते पाहावे. प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजून घ्यावा. टर्बोचार्जरच्या दांड्याला किंचित हालचाल असणे स्वाभाविक आहे. पाते कवचाला टेकता कामा नये.

साबची मोटार कंपनी २०११ साली दिवाळखोरीत निघाली. तिच्या गाड्या मात्र आजही एका हातातून दुसऱ्या हाती जात आहेत. निर्माता उरला नाही, तरी मालकाने केलेली निगा किंवा हेळसांड यंत्रात उरते. ब्यूखीने वाया जाणारी उष्णता कामास लावली. पहिल्या मालकाने संध्याकाळी घरी पोचल्यावर थांबून घालवलेले ते एक मिनिटही तसेच वाया जात नाही. न पाहिलेल्या दुसऱ्या मालकाच्या ते कामी येते.