जात्यावरची सासुरवाशीण

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, की अमेरिकेतल्या कंट्री गाण्यांत नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईची गोष्ट येते, तसं आपल्याकडे काही आहे का? मार्टिना मॅकब्राइडचं 1994 चं ‘इंडिपेंडन्स डे’ तुम्ही ऐकलं असेल. त्यातली आई शेवटी घरच पेटवून देते.

आपल्याकडे आहे ना. पण ते रेडिओवर नव्हतं, जात्यावर होतं.

आपल्या छावणीच्या आठवडी बाजारात आसपासच्या खेड्यांतून बाया येतात. त्यातल्या सत्तरीच्या एखाद्या आजीला ओवी म्हणायला सांगा. आधी म्हणतील, “जाऊ दे बाबा, आता कुठं आठवतंय.” मग हळूच सुरू होतील.

जरा विचार करा. पहाटेची वेळ, घर झोपलेलं. जात्याचा खुंटा धरून दोघी समोरासमोर, बहुतेक वेळा जावाजावा नाहीतर नणंद-भावजय. जातं घरघरतंय, त्या आवाजात गाणं मिसळून जातं. दिवसभर तोंड उघडायची सोय नाही, तिथं ही तासा-दोन तासांची जागा बाईची स्वतःची. ओवी दोन ओळींची, पाठ करायला सोपी. एकीनं जोडायची, दुसरीनं उचलायची. माहेरी गेली की ती ओवी पण सोबत जायची. अशी गावोगाव पसरली. कोणी रचली ते कोणालाच माहीत नाही, आणि माझ्या मते तेच तिचं संरक्षण होतं. नवऱ्यानं विचारलंच तर “जुनं गाणं आहे” म्हणून मोकळं!

थेट “मला मारलं” असं क्वचितच येतं. त्यासाठी सीता आहे. या ओव्यांमधली सीता ही राजाची राणी कमी आणि सासुरवाशीण जास्त. कैकेयी तिला छळणारी सासू होते, आणि वनवास म्हणजे नवऱ्यानं टाकून देणं. रामायण सांगायचं आणि आपलं घर सांगून घ्यायचं.

आता एक अवघड गोष्ट. बऱ्याच ओव्या सोसायलाच शिकवतात. माहेरी कळू देऊ नकोस, भावाला घोर लावू नकोस, दुःख पोटात ठेव. त्यामुळे प्रत्येक ओवीला बंड म्हणणं मला पटत नाही. पण ती बाई जाणार तरी कुठं? काही जातींत काडीमोड आणि पाट होता, सगळ्यांत नाही. मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात. 1951 च्या सप्टेंबरात इथं जवळच, मिलिंद महाविद्यालयाची कोनशिला बसली, आणि त्याच महिन्यात हिंदू कोड बिल रखडवलं म्हणून बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडलं. 1955 मध्ये हिंदू विवाह कायदा आला, पण नुसत्या छळाच्या कारणावरून घटस्फोट मिळायला 1976 ची दुरुस्ती यावी लागली. 498-अ कलम 1983 चं, घरगुती हिंसाचाराचा कायदा 2005 चा. म्हणजे तुमच्या पणजीच्या हातात यातलं काहीच नव्हतं. जातं तेवढं होतं.

मग विजेची गिरणी आली. हाताचे कष्ट वाचले, फार बरं झालं! पण ती पहाट पण गेली. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगावच्या कार्यकर्त्यांना घेऊन एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. बर्नार्ड बेल यांनी त्यातल्या कितीतरी टेपवर रेकॉर्ड केल्या. 2017 पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या येत आहेत, गाणाऱ्या बाईच्या नावागावासकट. माजलगावच्या बायांच्या तर नक्की ऐका. हेडफोन लावा, मागं जात्याची घरघर येते.

आणि हो, ऐकताना कोणाला आपल्याच घरातलं काही आठवलं, तर 181 ही महिला हेल्पलाइन आहे. नंबर सेव्ह करून ठेवा. आजीची ओवी रेकॉर्ड केलीत तर आम्हाला पाठवा, पण आधी तिला विचारून. पुढच्या भागात भेटू.