गिरमिटिया पूर्वजांचा शोध : जहाजाच्या यादीपासून मूळ गावापर्यंत

मॉरिशस, सुरिनाम, त्रिनिदाद आणि फिजी येथील भारतीय वंशाच्या कुटुंबांत आपला पूर्वज कोणत्या जहाजाने आणि कोणत्या गावाहून आला, ही पिढ्यान्‌पिढ्या विचारली जाणारी गोष्ट आहे. अलीकडे या प्रश्नाला कायदेशीर महत्त्वही आले आहे. परदेशस्थ भारतीय नागरिक, म्हणजे ‘ओसीआय’ कार्डाची पात्रता सर्वसाधारणपणे चौथ्या पिढीपर्यंत असते. करारबद्ध मजुरांच्या वंशजांसाठी ती वाढविण्याच्या घोषणा भारताने केल्या आहेत. सुरिनामसाठी जून २०२३ मध्ये सहाव्या पिढीपर्यंत, मॉरिशससाठी मार्च २०२४ मध्ये सातव्या पिढीपर्यंत आणि त्रिनिदाद व टोबॅगोसाठी जुलै २०२५ मध्ये सहाव्या पिढीपर्यंत ही सवलत जाहीर झाली. मात्र सहा-सात पिढ्यांमागचे नाते कागदोपत्री दाखवावे लागते, आणि त्या साखळीतील सर्वांत जुना दुवा बहुधा जहाजाच्या नोंदवहीत असतो.

गुलामगिरी संपुष्टात आल्यानंतर वसाहतींतील उसाच्या मळ्यांसाठी भारतातून मजूर नेण्यात आले. त्यांच्याकडून करारावर अंगठा घेतला जाई. त्या ‘ॲग्रीमेंट’चे बोलीत ‘गिरमिट’ झाले आणि मजुरांना ‘गिरमिटिया’ हे नाव पडले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ हे जहाज मॉरिशसला पोहोचले, तो दिवस तेथे आजही पाळला जातो. ब्रिटिश गयानात १८३८ मध्ये, त्रिनिदादमध्ये १८४५ मध्ये, नाताळमध्ये १८६० मध्ये, सुरिनाममध्ये १८७३ मध्ये आणि फिजीत १८७९ मध्ये पहिली जहाजे लागली. १९१७ मध्ये ही भरती थांबली, तोवर दहा लाखांहून अधिक माणसे कलकत्ता, मद्रास आणि काही प्रमाणात मुंबई बंदरातून बाहेर पडली होती.

गरीब, बहुतांशी निरक्षर माणसांविषयी एवढी बारीक लेखी माहिती त्या काळातील दुसऱ्या कोणत्याही दप्तरात क्वचितच मिळेल. याचे कारण करुणा नव्हे, हिशेब होते. मळेवाल्याने प्रत्येक मजुरासाठी खर्च केलेला असे आणि तो पळाल्यास ओळखून परत आणणे आवश्यक मानले जाई. त्यामुळे बंदरावरील डेपोत प्रत्येकाचे परदेशगमनपत्र तयार होई. त्यात जहाजाचे नाव, डेपो क्रमांक, मजुराचे व वडिलांचे नाव, वय, जात, जवळचा नातेवाईक, जिल्हा, ठाणे, गाव, उंची आणि अंगावरील खुणा लिहिल्या जात. कपाळावरचा व्रण, हातावरचे गोंदण, देवीचे वण हे सारे त्यात आढळते. पणजीचा चेहरा कधीही न पाहिलेल्या माणसाला तिच्या मनगटावरील तिळाची नोंद सापडते, तेव्हा तो कागद त्याच्यासाठी सरकारी राहत नाही.

यांपैकी बरेच दप्तर आता संगणकावर शोधता येते. सुरिनामची सोय सर्वांत सुलभ मानावी लागेल. १८७३ ते १९१६ या काळात ६४ फेऱ्यांतून ३४ हजारांहून अधिक भारतीय तेथे गेले. त्यांची सूची हेग येथील नेदरलँड्सच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर नाव, जहाज आणि गाव यांनुसार पाहता येते. नाताळमध्ये १८६० ते १९११ या काळात गेलेल्या १,५२,१८४ मजुरांच्या जहाजयाद्याही संगणकीय स्वरूपात आणण्यात आल्या आहेत. फिजीला सुमारे साठ हजार माणसे गेली. त्यांची परदेशगमनपत्रे फिजीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. मॉरिशसमध्ये साडेचार लाखांच्या आसपास भारतीयांची नोंद झाली. ते दप्तर मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहे. तेथे जातीचा उल्लेख संवेदनशील मानला जात असल्याने मूळ नोंदवह्या सर्वांसाठी खुल्या नाहीत. जन्म-विवाहाच्या दाखल्यांची साखळी सादर करणाऱ्या वंशजालाच उतारा मिळतो. युनेस्कोच्या ‘जगाची स्मृती’ नोंदपटात फिजी, गयाना, सुरिनाम आणि त्रिनिदाद यांची दप्तरे २०११ मध्ये आणि मॉरिशसचे २०१५ मध्ये समाविष्ट झाली.

नावापेक्षा क्रमांक महत्त्वाचा

नवखा शोधक प्रथम आडनाव टाकून पाहतो आणि निराश होतो. बहुतेक मजुरांना आडनावच नव्हते. नोंद एकाच नावाची असे आणि पुढच्या पिढ्यांनी आजोबांचे किंवा वडिलांचे ते नाव आडनाव म्हणून लावले. शिवाय भोजपुरी किंवा तमिळ उच्चार ऐकून लेखनिक आपल्या कानाप्रमाणे रोमन अक्षरे मांडत असे. मॉरिशसमध्ये त्यावर फ्रेंच वळण चढले. जगन्नाथचे ‘जुगनॉथ’ झाले, शिवसागरचे ‘सिवुसागर’ झाले. ही दोन्ही रूपे त्या देशाच्या पंतप्रधानांच्या नावांत कायम राहिली आहेत. म्हणून शोध घेताना नाव मोठ्याने उच्चारून त्याची शक्य तितकी लेखनरूपे तपासणे हाच व्यवहार्य मार्ग आहे.

याउलट, आगमनानंतर दिला जाणारा क्रमांक बदलत नसे. मॉरिशसमधील स्थलांतरित क्रमांक किंवा नाताळमधील वसाहती क्रमांक माणसाला आयुष्यभर चिकटलेला असे. विवाहनोंदणी, मळ्याची बदली, मृत्यूचा दाखला अशा कागदांवर तोच आढळतो. घरातील जुन्या पेटीत आजोबांचा विवाहदाखला असेल, तर जहाजांच्या याद्या उलटण्यापूर्वी त्यावरील क्रमांक पाहावा. एकाच फेरीत त्याच नावाचे अनेक जण असत. क्रमांक नसेल, तर वडिलांचे नाव, वय आणि जहाज हे तिन्ही जुळल्याशिवाय नोंद आपली मानू नये.

स्त्रियांच्या नोंदी वेगळ्या वाचाव्या लागतात. अनेक जणी एकट्या गेल्या आणि त्यांच्या पत्रावर पतीचे नावच नाही. त्यांत विधवा होत्या, घर सोडलेल्या होत्या, तीर्थयात्रेत चुकामूक झालेल्या होत्या. गयानात जन्मलेल्या अमेरिकी पत्रकार गायत्रा बहादूर यांनी ‘कुली वुमन’ या २०१३ च्या पुस्तकात आपल्या पणजीचा माग काढला. ती १९०३ मध्ये ‘क्लाइड’ जहाजातून कलकत्त्याहून गयानाला गेली, तेव्हा गर्भवती होती आणि सोबत कोणी नव्हते. नोंदीतील गावाच्या आधारे लेखिका बिहारच्या सारण भागापर्यंत पोहोचल्या. पणजीने घर का सोडले, हे मात्र कागदाने सांगितले नाही.

जिल्हा कोणता समजायचा?

नोंदीत दोन ठिकाणे असू शकतात आणि त्यांची गल्लत सर्वाधिक चुका घडवते. भरतीची नोंदणी जेथे झाली तो जिल्हा आणि माणसाचे मूळ गाव ज्यात आहे तो जिल्हा एकच असेल, असे नाही. भरती करणारे ‘अरकाटी’ बाजारांत, रेल्वे स्थानकांवर आणि तीर्थक्षेत्री माणसे गाठत. त्यामुळे नोंदणी मोठ्या शहरात झालेली आणि घर दूरच्या जिल्ह्यात, असे अनेकदा दिसते. फिजीचे इतिहासकार ब्रिज लाल यांनी कलकत्त्याहून निघालेल्यांच्या ४५ हजारांवर पत्रांचे संगणकीय विश्लेषण १९८३ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात सर्वाधिक माणसे बस्ती जिल्ह्यातील असल्याचे दिसून आले.

पण त्या नोंदींतील बस्ती म्हणजे आजचा बस्ती नव्हे. त्यातून सिद्धार्थनगर १९८८ मध्ये आणि संत कबीर नगर १९९७ मध्ये वेगळे झाले. नोंदीतील शहाबाद १९७२ मध्ये भोजपूर आणि रोहतास असा विभागला गेला आणि पुढे त्यांतून बक्सर व कैमूर निघाले. फैजाबाद आता अयोध्या आहे. गावाच्या नावापेक्षा ठाण्याचे नाव येथे अधिक उपयोगी ठरते, कारण एकाच नावाची गावे जिल्ह्यात पाच-पाच असतात, ठाणे मात्र एकच. त्या काळातील नकाशावर ठाण्याची हद्द पाहून मग आजचा तालुका ठरवावा.

मुंबईहून गेलेल्या मराठी मजुरांनाही हेच लागू होते. ते प्रामुख्याने मॉरिशसला गेले. त्यांच्या वंशजांनी तेथे विठ्ठल-रखुमाईची उपासना आणि कोकणातील जाखडी ‘झाकरी’ या नावाने टिकवली आहे. रत्नागिरी अशी नोंद असल्यास गाव आजच्या सिंधुदुर्गातही असू शकते, कारण तो जिल्हा १९८१ मध्ये झाला. कुलाबा म्हणजे आजचा रायगड. साताऱ्याची नोंद सांगलीपर्यंत नेऊ शकते. सुरुवातीच्या नोंदींतील तपशील त्रोटक असल्याने कुटुंबात जपलेले कुलदैवताचे नाव येथे फार मोलाचे ठरते.

आपल्या खर्चाने तिकीट काढून गेलेल्यांची नावे या याद्यांत शोधू नयेत. नाताळमधील गुजराती व्यापारी आणि केप टाउनला गेलेले रत्नागिरी परिसरातील कोकणी मुसलमान ‘पॅसेंजर इंडियन’ म्हणून ओळखले जात. त्यांचा माग करारपत्रांत नव्हे, तर दक्षिण आफ्रिकेतील स्थलांतर विभागाच्या परवान्यांत आणि फाइलींत लागतो.

भारतातील शोध

गाव निश्चित झाल्यावर संगणकाची मदत कमी होते. उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये महसुली दप्तरातील खतौनी आणि जुन्या बंदोबस्ताच्या नोंदींत जमीनधारकांची नावे मिळतात. भूमिहीन कुटुंबांचा तेथे मागमूस नसतो, आणि परदेशी गेलेल्यांत अशी कुटुंबे पुष्कळ होती. दुसरा आधार तीर्थोपाध्यायांच्या वह्यांचा. हरिद्वार, गया, नाशिक आणि त्र्यंबकेश्वर येथे यजमान घराण्यांच्या वंशावळी पिढ्यान्‌पिढ्या लिहिल्या जातात. हरिद्वारसह काही ठिकाणच्या वह्यांची छायाचित्रे ‘फॅमिलीसर्च’ या विनामूल्य संकेतस्थळावर आहेत. समुद्रापार गेलेल्याचे नाव त्यांत नसले तरी मागे राहिलेल्या भावांचे असू शकते. म्हणून तेथे शोधायचे ते परदेशगमनपत्रावरील वडिलांचे नाव.

त्रिनिदादच्या पंतप्रधान कमला पर्साद-बिसेसर जानेवारी २०१२ मध्ये बक्सर जिल्ह्यातील भेलूपूर या आपल्या पूर्वजांच्या गावी आल्या होत्या. सामान्य वंशजाच्या वाट्याला असे स्वागत येत नाही. कधी गावातील लोकांना जमिनीच्या हक्काची शंका येते, कधी खोटे नातेवाईक पुढे होतात. जाण्यापूर्वी गावच्या सरपंचाला किंवा मुखियाला नोंदीची प्रत पाठवावी आणि आपण मालमत्तेसाठी येत नसल्याचे स्पष्ट लिहावे. गावातील वृद्धांना एकच प्रश्न विचारावा : ‘फार पूर्वी घरातून निघून गेलेला आणि परत न आलेला कोणी होता का?’ मॉरिशसला ‘मिरिच देश’, दमराराला ‘दमरा’ आणि त्रिनिदादला ‘चिनिदाद’ म्हणण्याची रीत भोजपुरी भागात होती. आजचे देशाचे नाव सांगून जी आठवण जागी होत नाही, ती या जुन्या नावाने होऊ शकते.