पापणीवरचे अंडे

फ्रँकलिन किंग हा अमेरिकन मृदाशास्त्रज्ञ १९०९ साली चीन, कोरिया आणि जपानमधली शेती पाहायला गेला होता. त्या प्रवासावरचे त्याचे 'फार्मर्स ऑफ फॉर्टी सेंच्युरीज' हे पुस्तक १९११मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूच्याच वर्षी निघाले. सेंद्रिय शेतीवाल्या मंडळींत या पुस्तकाला मान आहे, तो मुख्यतः सोनखतावरच्या मजकुरामुळे. मीही ते त्यासाठीच उघडले होते. वाचता वाचता भलत्याच पानावर अडकलो. तिथे किंगने चीनमधल्या एका अंडी उबवणाऱ्याच्या जागेचे वर्णन केले आहे.

मोठा मातीचा रांजण, त्याच्या कुशीला दार, त्यातून आत सारलेले आणि राखेखाली दडपलेले निखारे. रांजणाला बाहेरून ऊब धरून ठेवणारे जाड वेष्टन. आत आणखी एक भांडे आणि त्यात सोडलेली टोपली. एका टोपलीत कोंबडीची ६०० अंडी मावत, बदकाची ४००, हंसाची १७५. असे तीस रांजण दोन रांगांत मांडलेले. चौथ्या दिवशी अंडी उजेडासमोर धरून निवडायची आणि जी फळलेली नाहीत ती नासण्यापूर्वी बाजारात विकून टाकायची. हा हिशेबीपणा आपल्याकडच्या कुठल्याही आजीला पटला असता. पण मला थांबवले ते पुढच्या वाक्यांनी. उबवणारा माणूस अंड्याचे रुंद टोक आपल्या डोळ्याच्या खोबणीत टेकवी आणि त्यावरून ऊब कमी की जास्त ते ठरवी. तिथली कातडी नाजूक, स्पर्शाला जागी, म्हणून.

हे वाचले तेव्हा माझ्या पडवीत थर्मोकोलचा एक खोका होता. टाळेबंदीच्या वर्षी हाताला काम नव्हते, म्हणून दोन बल्ब, जुन्या संगणकातला छोटा पंखा, पाण्याची थाळी आणि तापमान कमी-जास्त झाले की बल्ब चालू-बंद करणारी एक चकती, एवढ्या भांडवलावर मी घरी अंडी उबवायला घेतली होती. चकतीवर लाल अक्षरांत ३७.५ दिसे. गावरान कोंबड्यांची २४ अंडी ठेवली. एकविसाव्या-बाविसाव्या दिवशी तीन पिल्ले निघाली. उरलेली अंडी फोडून पाहिली तेव्हा त्यांतल्या अकरांत पुरे वाढलेले, पिसे आलेले पिल्लू होते, पण आतल्या पापुद्र्याला चिकटून मेलेले. आकडा सगळे दिवस ३७.५च होता.

कृत्रिम उबवणीचा इतिहास मी शोधू लागलो तो या अकरा पिल्लांमुळे.

सर्वांत जुना भरवशाचा उल्लेख ॲरिस्टॉटलचा. इसवीसनापूर्वी चौथ्या शतकात, प्राण्यांवरच्या ग्रंथाच्या सहाव्या भागात तो सांगतो की इजिप्तमध्ये अंडी उकिरड्यात पुरून उबवतात. त्याला जोडूनच सिराक्यूजच्या एका दारुड्याची गोष्ट येते. त्याने म्हणे अंडी चटईखाली मातीत ठेवली आणि ती फुटेपर्यंत तो पीतच बसला. थट्टेचा भाग सोडला तर यात नेमके निरीक्षण आहे. अंड्याला आई लागत नाही, न हलणारी ऊब लागते. त्याच ग्रंथात रोज एक अंडे फोडून केलेली नोंदही आहे, की तिसऱ्या दिवसानंतर पांढऱ्या भागात रक्ताचा ठिपका उडताना दिसतो. मोबाइलच्या टॉर्चवर अंडे धरून मी तोच ठिपका पाहिला आहे. दोन हजार तीनशे वर्षांत त्या ठिपक्याचे वर्णन फारसे बदललेले नाही.

इजिप्तमध्ये पुढे उकिरड्याच्या जागी भट्ट्या आल्या. मधून बोळ आणि दोन्ही बाजूंना दुमजली खोल्या. खालच्या मजल्यावर अंडी, वरच्या मजल्यावर गोवऱ्यांचा आणि काडाचा धुमसता विस्तव, छताला धूर जायला भोके. माणूस आत रांगत जाई, अंडी उलटीपालटी करी, जागा बदली. विस्तव सुरुवातीचे काही दिवसच. पुढे तो विझवत, कारण तोवर अंड्यांतला जीव स्वतः तापू लागलेला असे आणि हजारो अंडी एकमेकांना ऊब देत. किंगच्या चिनी उबवणाऱ्याचेही तसेच होते. ठरावीक दिवसांनी अंडी रांजणातून काढून फळ्यांवर पसरायची आणि वर रजया घालायच्या. हे शहाणपण मला माझ्या चकतीने सांगितले नव्हते.

इजिप्तमधल्या परंपरागत उबवणीघरांतले लोकही ऊब पाहायला अंडे पापणीवरच टेकवत आले आहेत. नाईलच्या मुखाजवळचा माणूस आणि चीनमधला माणूस एकमेकांकडून शिकले असतील असे मला वाटत नाही. मनगट जाड असते, तळहात कामाने राठ झालेला असतो. ज्याला शंभर अंड्यांतले एक अंडे जरा गरम आहे हे ओळखायचे आहे, तो शेवटी डोळ्यापाशीच पोहोचणार.

युरोपला याचे आकर्षण वाटले आणि कोडेही. १७४९ साली रेओम्यूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने पाळीव पक्ष्यांची अंडी कुठल्याही ऋतूत उबवण्याच्या कलेवर ग्रंथ लिहिला. (मला फ्रेंच येत नाही. वर्षभरातच निघालेल्या इंग्रजी भाषांतरावर मी भागवले.) पिरॅमिडपेक्षा इजिप्तने या भट्ट्यांचा अभिमान बाळगावा, असे त्याचे मत. पण एक गोष्ट त्याला खुपत होती. ही विद्या नाईलच्या त्रिभुज प्रदेशातल्या बेर्मे नावाच्या गावच्या लोकांकडेच होती, बाप मुलाला शिकवी आणि बाहेरच्याला कुणी सांगत नसे. रेओम्यूरचे म्हणणे असे की गुपित भट्टीच्या बांधणीत नाहीच, ते उबेत आहे आणि ऊब मोजायला आता तापमापक आहे. स्वतःच्याच मापपट्टीवर त्याने कोंबडीची ऊब ३२ अंश धरली. आपल्या सेल्सियसमध्ये ४०.

त्याचे सुरुवातीचे प्रयोग मात्र फसले. घोड्याच्या लिदीच्या तापत्या खतात त्याने अंडी ठेवली. तापमान बरोबर होते, पिल्ले मेली. लिदीतून निघणारी वाफ त्यांना मारते हे त्याच्या उशिरा ध्यानात आले. मग त्याने लाकडी पिंपे खतात पुरली, आतून लिंपून घेतली आणि वाफ आत शिरणार नाही अशी व्यवस्था केली. त्याची पिल्ले ओलीने गेली, माझी कोरडेपणाने. शेवटच्या तीन दिवसांत मी कौतुकाने दर तासाला झाकण उघडत होतो. दर वेळी दमट हवा बाहेर जाई, पापुद्रा वाळे आणि फुटायला निघालेले पिल्लू त्यात आवळले जाई. दोघांचेही तापमापक बरोबर होते.

रेओम्यूरबद्दल मला आपुलकी वाटते ती त्याच्या एका तोडग्यामुळे. ज्या शेतकरणीला तापमापक परवडणार नाही तिच्यासाठी त्याने लोणी आणि चरबी एकत्र वितळवून लहान बाटलीत भरायला सांगितली. कोंबडीच्या उबेला ते मिश्रण पातळ व्हायच्या बेतात येते. अगदी पाणी झाले तर ऊब जास्त, घट्ट राहिले तर कमी. राजाश्रय असलेला शास्त्रज्ञ स्वयंपाकघरातल्या जिनसांवर येतो, याचा अर्थ त्याला ही विद्या खरोखर घराघरांत न्यायची होती. बेर्मेच्या लोकांना ती गावाबाहेर जाऊ द्यायची नव्हती. पापणीच्या विद्येची ही दुसरी बाजू विसरून चालणार नाही. माझ्यासारख्या उपऱ्याला दोन बल्बांच्या जोरावर हे काम करता येते, ते तापमापकामुळेच.

पण ही विद्या शेतकऱ्याला कितीला पडे? रेओम्यूर एका भट्टीचा करार देतो तो असा की ४५,००० अंडी घेतली तर ३०,००० पिल्ले परत द्यायची. म्हणजे दोन तृतीयांश. त्याहून जास्त निघाली तर ती उबवणाऱ्याची. पुढे जवळजवळ ऐंशी वर्षांनी एडवर्ड लेन या इंग्रज अभ्यासकाने इजिप्तच्या सरकारी वृत्तपत्रातले १८३१चे आकडे उतरवून घेतले. खालच्या इजिप्तमध्ये १०५ उबवणीघरे, १,९३,२५,६०० अंडी, पैकी नासली ६२,५५,८६७. वरच्या इजिप्तमध्ये ५९ घरे, ६८,७८,९०० अंडी, नासली २५,२९,६६०. लेन एवढेच देऊन पुढे जातो. मी बेरीज केली. एकूण अंडी २,६२,०४,५००, पिल्ले १,७४,१८,९७३. प्रमाण येते साडेसहासष्ट टक्के. पुन्हा तेच दोन तृतीयांश!

हे पाहून प्रथम आनंद झाला, मग शंका आली. देशभरातल्या १६४ घरांचे उत्पन्न जुन्या कराराच्या आकड्याशी इतके जुळावे? नासलेल्या अंड्यांचे आकडे एककापर्यंत नोंदले आहेत म्हणून ते मोजलेलेच असतील असे नाही. आपल्याकडच्या पीकपाहणीचे कागद ज्याने पाहिले आहेत त्याला हे वेगळे सांगायला नको. आकडे खरे धरले तरी लेन आणखी एक गोष्ट सांगतो. शेतकऱ्याला सहसा दोन अंड्यांमागे एकच पिल्लू मिळे. म्हणजे सहा अंडी दिली की पिल्ले निघणार चार, शेतकऱ्याच्या हाती तीन आणि भट्टीकडे एक. आमच्याकडे कोंबडी अर्धलीने देतात, त्यात निदान दोघांना खुराड्यात डोकावून मोजता तरी येते. भट्टीच्या आतला अंधार एकाच माणसाला माहीत होता.

युरोपची पुढची धडपड माणसाची नजर आणि कातडी दोन्ही बाजूला सारायची होती. सतराव्या शतकाच्या सुरुवातीलाच कॉर्नेलिस ड्रेबेल या डच माणसाने पारा आणि मद्यार्क यांच्या प्रसरणावर चालणारी, आपला विस्तव आपणच आवरणारी भट्टी केली होती आणि ती अंडी उबवायलाही वापरली होती. १८८१मध्ये इंग्लंडच्या चार्ल्स हिअर्सनने दोन पातळ पत्र्यांच्या डबीत लवकर उकळणारा द्रव भरला. ऊब वाढली की डबी फुगते, काडी उचलते, दिव्यावरचे झाकण सरकते. माझ्या खोक्यातली चकती हे त्या डबीचेच विजेवर चालणारे वंशज.

त्याच सुमारास पॅरिसमध्ये स्तेफान तार्निए हा प्रसूतितज्ज्ञ तिथल्या प्राणिबागेत गेला. तिथे कोंबडीची अंडी उबवायचे यंत्र होते. ते करणाऱ्या ओदिल मार्तँकडून त्याने तसलेच, पण बाळे मावतील असे यंत्र बनवून घेतले आणि प्रसूतिगृहात बसवले. अपुऱ्या दिवसांच्या बाळांची पेटी ती हीच.

माझा मुलगा सातव्या महिन्यात झाला. 'काचेत ठेवलाय' असे आम्ही सगळ्यांना सांगत होतो. अकरा दिवस मी त्या खोलीबाहेरच्या बाकावर होतो. पेटीवर आकडा दिसायचा आणि तो बरोबरच असायचा. तरी रात्रपाळीच्या परिचारिका दर फेरीला आत हात घालून, उलट्या पंजाने, आधी पोट आणि मग पाऊल चाचपत. पोट ऊबदार आणि पाऊल गार असेल तर बाळाला थंडी वाजते आहे, असे त्यांनी मला सांगितले. तेव्हा मला ते साधेच वाटले होते.

आता कोंबडीबद्दल, कारण या सगळ्यात तिचेच नाव मागे पडले आहे. गावरान कोंबडी दहा-पंधरा अंडी घालते आणि खुडूक होते. अंडी बंद, खाणे कमी, अंग फुलवून कोपऱ्यात बसते. आजी तिला भाताच्या पेंढ्यावर रवणाला बसवी. विसाव्या दिवशी कोमट पाण्यात अंडी सोडी. ज्यात जीव आहे ते पाण्यात डचमळते. पिल्ले नको असतील तेव्हा त्याच कोंबडीला गार पाण्यात बुडवून काढायचे, नाकात पीस घालायचे, म्हणजे ती खूळ सोडून पुन्हा अंड्यावर येते. खुडूकपणा हा अंडी विकणाऱ्याला तोटाच. म्हणून निवड करत करत लेगहॉर्नसारख्या जातींतून तो जवळजवळ काढून टाकण्यात आला. खाकी कॅम्पबेल बदकही अंड्यांवर बसत नाही. यंत्र आले म्हणून हे चालले आणि हे झाले म्हणून आता यंत्रावाचून चालत नाही.

मोठ्या हॅचरींमध्ये मात्र अलीकडे एक गंमत झाली आहे. यंत्रातली हवा ३७.५ असली तरी निम्मा काळ उलटल्यावर अंडे तिच्याहून गरम असते, हे तिथे चांगलेच कळले आहे. म्हणून तंत्रज्ञ आता कवचाचे तापमान घेतात आणि त्यासाठी माणसाचा ताप पाहायचा, कानात घालायचा तापमापक अंड्याच्या पोटाला लावतात. मला आजवर जो आकडा दिसत होता तो खोक्यातल्या हवेचा होता. बेर्मेचा माणूस हवा मोजत नव्हता.

गेल्या पावसाळ्यात बदकाची १४ अंडी ठेवली. बदकाला २८ दिवस लागतात, ओल जास्त लागते. सोळाव्या दिवसापासून चकती थोडी खाली आणली आणि दिवसातून एकदा अंड्यांवर कोमट पाणी शिंपडले. पंचविसाव्या दिवसापासून झाकण उघडायचे नाही असे ठरवले होते. चोविसाव्या रात्री वीज गेली. दोन तास खोका गोधडीत गुंडाळून ठेवला. आकडा अर्थातच विझलेला. शेवटी राहवेना, तेव्हा मधले एक अंडे काढून रुंद टोक डाव्या डोळ्याच्या पापणीवर धरले. गार नव्हते. कितीतरी वेळ तसाच धरून बसलो. शेजारच्या अंड्याच्या मानाने ते जास्त गरम की कमी, हे मला सांगता आले नाही. एवढेच कळले की आत काहीतरी सरकते आहे. ते परत ठेवले आणि गोधडी नीट खोचली.

१४ पैकी ९ निघाली.